तोंड माहं, गोष्ट दुसऱ्याची

साळवे गुरुजींच्या शर्टाच्या वरच्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली असायची आणि तिच्यात लवंगा भरलेल्या असायच्या. राग आला, कुणाला तोडीस तोड उत्तर द्यावंसं वाटलं किंवा कुणाचं गुपित अगदी ओठावर आलं, की गुरुजी बाटलीचं बूच काढायचे, एक लवंग दाढेखाली धरायचे आणि ती संपेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. "लवंग तोंडात असली का जीभ घरात राह्यते," असं त्यांचं म्हणणं. एरवी त्यांची जीभ घरात थांबणारी नव्हतीच. सकाळी स्कूटर लिंबाखाली लावली की आधी लिंबाला नमस्कार, मग घंटेला, मग फाटकातल्या कुत्र्याला, "काय पहारेकरी, झोप झाली का?" आणि मग पोरांना, एकेकाला नावानं. प्रार्थनेची घंटा होईपर्यंत त्यांचं निम्मं गाव बोलून झालेलं असायचं.

मी चोवीस वर्षांची होते, खामगावहून आले होते. देऊळघाटकडून आत वळलं की लागणाऱ्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक दोनच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. मी रुजू व्हायला गेले तेव्हा वर्गात एक साहेब गुरुजींवर तोंडसुख घेत होते. कुठलीशी माहिती वेळेत पाठवली नाही म्हणून. पोरं बघत होती, मी दारात पिशवी घेऊन उभी. गुरुजी हात मागे बांधून, गाल एका बाजूनं फुगवून शांत उभे. साहेबांची गाडी गेली तशी ते माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, "या बाई, या. आज आपल्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती."

"पण तुम्ही माहिती पाठवली नव्हती का?"

"पाठवली होती ना. परवाच त्याहिच्या हातात देल्ली."

"मग सांगितलं का नाही?"

"सकायच्यान उपाशी दिसत होता बिचारा. उपाशी माणसाले खरं सांगितलं त त्याले अजूनच भूक लागते."

दुपारी साहेबांचा फोन आला. कागद त्यांच्याच बॅगेत सापडला होता. गुरुजी फोनवर एवढंच म्हणाले, "हाव साहेब, होते असं. जेवले का?"

गुरुजी ख्रिस्ती होते, बुलडाण्याला राहायचे. रविवारी स्कूटरवर मागे रूथबाईंना बसवून चर्चला जायचे, आणि नाताळानंतर शाळा उघडली की करंज्यांचा मोठा डबा आणायचे. यापलीकडे त्यांच्या धर्माचा आवाज शाळेत कधी ऐकू आला नाही. मी बौद्ध घरातली, आमच्याकडे चर्चेला वाद लागत नाही, विषय पुरतो. एकदा मीच छेडलं, "गुरुजी, तुम्ही एवढं बोलता, पण देवाबद्दल कधी बोलत नाही?"

"सकायी अर्धा तास त्याच्याशीच बोलून येतो, बाई. मंग दिवसभर त्याच्याबद्दल काय बोलाचं? त्यानं सांगितलं तेवढं केलं तरी लय झालं."

त्यांचं करणं कसं असायचं ते सीमाच्या बाबतीत मी पाहिलं. सीमा नावाची मुलगी पहिलीत आली ती मुकीच आहे असं आम्हाला वाटलं. घरी बोलायची, शाळेत एक शब्द नाही. मी समजावलं, रागावले, चॉकलेट दिलं. गुरुजींनी यातलं काहीच केलं नाही. रोज तिच्या बाकाजवळ जाऊन म्हणायचे, "नमस्कार, सीमाताई," क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. अख्खं वर्ष. मी म्हटलं, "गुरुजी, असं नुसतं वाट बघून काय होणार?" तर म्हणाले, "मी नुसता बसलो कुठी? रोज जातो ना तिच्यापर्यंत. आशेले पाय असतात, बाई. बसून राह्यली त मंग ते झोप हाये."

दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, गुरुजी नेहमीप्रमाणे बाकाजवळ थांबले आणि सीमा खणखणीत आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुमी गुंड्या चुकीच्या लावल्या."

खरंच शर्ट एका बाजूला वर चढला होता. वर्ग खो खो हसला. गुरुजींनी तिथेच गुंड्या नीट लावल्या आणि मधल्या सुट्टीत अख्ख्या शाळेला गूळ-शेंगदाणे वाटले. "एक वर्ष थांबा लागलं, पण वाक्य पहा ना! कर्ता, कर्म, क्रियापद. काही ठेवलं नाही पोरीनं."

माझे वडील गेले तेव्हा मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. खामगावच्या घरी माणसांची रीघ होती आणि जो येई तो बोलत होता. सुटले म्हणायचं कुणी, कुणी दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं म्हणायचं. तिसऱ्या दिवशी एसटीनं गुरुजी आणि रूथबाई आले. रूथबाई पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकरी थापायला बसल्या. गुरुजी आईसमोर सतरंजीवर बसले. मला धास्ती वाटली, आता हे बोलायला लागले की थांबायचे नाहीत. ते दोन तास बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. लवंगही काढली नाही. उठताना आईला हात जोडले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुहे ते गुरुजी आले तवा मले पहिल्यांदा धड रडता आलं. बाकीचे सारे बोलूनच राह्यले होते."

शाळेत परतल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते जरा अवघडले, मग खडूचा चुरा हातावरून झटकत म्हणाले, "आमच्या शास्त्रात एका भल्या माणसाची गोष्ट हाये. त्याचं सारं गेलं. लेकरं गेली, घर गेलं, अंगभर फोड आले. त्याचे दोस्त आले भेटाले. सात दिवस त्याच्यापाशी मातीत बसले, चूप. तवरोक लय शहाणे होते. आठव्या दिवशी त्याहिनं तोंड उघडलं अन् सारी गडबड झाली. देवाले सोता यावं लागलं निस्तराले."

आता पाटलांची गोष्ट. गुरुजी खरे किती पाण्यात आहेत ते मला तिच्यामुळे कळलं.

श्रीपत पाटील गावातलं मोठं प्रस्थ. पंधरा वर्षं सरपंच होते, आता सत्तरी ओलांडलेली. पांढरं धोतर, करकर वाजणारा जोडा, बोलणं कमी. त्यांच्या पत्नी कौसाबाई वारल्या त्याला वर्ष होत आलं होतं. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की गुरुजी दर गुरुवारी शाळा सुटल्यावर बुलडाण्याला न जाता पाटलांच्या मळ्याकडे स्कूटर वळवतात. हातात कापडी पिशवी. तासाभरानं परत. मी विचारलं तर म्हणाले, "पाटलाकडे जरा काम हाये." आणि बाटलीचं बूच उघडलं.

गाव म्हणजे गाव. कुणीतरी मळ्यातल्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. पाटील मान खाली घालून, डोळे अर्धवट मिटून काहीतरी पुटपुटत होते आणि शेजारी साळवे गुरुजी पुस्तकावर बोट ठेवून बसले होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मास्तर पाटलाला ख्रिस्ती करून राह्यला. पाटलांचा पुतण्या सुधाकर तापट, आणि काकांवर त्याचा जीवही होता. त्यानं चार जणांच्या सह्या घेतल्या, तक्रार लिहिली, एक प्रत वरच्या ऑफिसला पाठवली आणि एक ग्रामसभेत ठेवायचं ठरवलं. गुरुजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चौकशी लागली तर निलंबन ठरलेलं.

मी त्यांना मधल्या सुट्टीत गाठलं. "गुरुजी, तिथे काय चालतं ते सांगून टाका ना एकदा. तुम्ही प्रार्थना घेत असाल तरी सांगा, नसाल तरी सांगा."

"बाई, तोंड माहं हाये, पण गोष्ट दुसऱ्याची हाये."

"मला तरी सांगा."

"तुमाले सांगितलं त मंग दुसऱ्याची कशी राह्यली?"

मला राग आला. खोटं कशाला लिहू, दोन दिवस माझ्या मनातही शंका आली. एवढं लपवण्यासारखं नसेल तर हा माणूस गप्प का? मी त्यांच्याशी तुटक वागले. त्यांना ते कळलं असणार. पण मधल्या सुट्टीत माझ्यासमोर डबा उघडताना त्यांनी रोजच्यासारखंच विचारलं, "बाई, आज आमच्या रूथबाईनं ठेचा देल्ला. तुमच्या भाकरीशी दोस्ती करता का त्याची?"

ग्रामसभा शाळेच्याच ओसरीत भरली, सकाळी अकराला. एरवी वीस माणसं जमत नाहीत, त्या दिवशी अंगणात उभं राहायला जागा नव्हती. पाटील पुढच्या खुर्चीवर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. गुरुजी भिंतीशी उभे. मी पाहत होते, त्यांनी एकदाही पाटलांकडे बघितलं नाही. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. आज वाटतं, पाटलांवर नजरेचंही ओझं पडू नये म्हणून ते मुद्दाम लिंबाकडे बघत होते.

सुधाकर उठला. "गुरुजी, साऱ्या गावासमोर सांगा. गुरुवारी माह्या काकापाशी काय करता तुमी?"

गुरुजींनी बाटली काढली, लवंग तोंडात टाकली.

"पाहा! बोलत नाही!" सुधाकरनं हातातला कागद हलवला. "मी तक्रार वाचून दाखवतो, मंग ठराव घ्या."

"थांब," पाटील म्हणाले. "आण इकडे तो कागद."

"काका, मी वाचतो ना."

"आण म्हनलं ना बे!"

सुधाकरनं कागद दिला. पाटलांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. कागद हातभर लांब धरला. मग त्या भरल्या अंगणात, पंधरा वर्षं ज्यांच्या सहीनं गाव चाललं ते श्रीपत पाटील, पहिलीतल्या पोरासारखं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले.

"मा… न… नीय… स… र… पं… च…"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाटील थांबले नाहीत. घाम पुसला, पुढे सरकले. "गा… वा… तील… शि… क्ष… क…" एक ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत अडकले.

"ध… म… मां…" त्यांनी कागद जवळ घेतला, लांब नेला. मग मान वर करून थेट भिंतीकडे पाहिलं. "मास्तर, हे डोक्यावर काय हाये?"

गुरुजींनी लवंग गालात सरकवली. "रफार, पाटील."

"रफार. धर्… मां… तर. धर्मांतर." पाटलांनी कागद खाली केला आणि पुतण्याकडे पाहिलं. "सात महिने झाले शिकून राह्यलो. अन् तुले दुसरा सोपा शब्द नाही भेटला का बे लिहाले?"

आधी बाया हसल्या, मग अख्खं अंगण. पाटील मात्र हसले नाहीत. हसणं विरेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी मले पंधरा वर्षं सरपंच केलं. मले वाचता येत नव्हतं. सही तेवढी गिरवून शिकलो होतो. ठराव, दाखले, नोटिसा, सारं घरी नेत जाय अन् कौसा वाचून दाखवे. ते चौथी शिकली होती. तिनं कोणाले सांगितलं नाही. ते गेली अन् मी आंधळा झालो. तिच्या पेटीत तिच्या हातची एक वही निघाली. ते कोणापासून वाचून घेऊ? पोरापासून? तुमच्यापासून? मी मास्तराले म्हनलं, शिकवा. मास्तर म्हने, आणा, मी वाचून देतो. मी नाही म्हनलं. तिची वही मीच वाचीन. मास्तरानं त्या वहीकडे आजवर डोळा करून पाहिलं नाही. अन् कोणाले सांगू नका म्हनलं होतं, त सांगितलं नाही."

पाटील पुढे म्हणाले, "आठ दिवसापासून मले मालूम हाये तुमी यांच्यावर काय बालंट घेतलं ते. मी लाजेपायी घरात बसलो. हा माणूस माही लाज राखत उभा, अन् मी…" आणि ते खाली बसले.

सुधाकरची मान वर होईना. सरपंचांनी गुरुजींना बोलायचा आग्रह केला. गुरुजी दोन पावलं पुढे आले, लवंग गिळली आणि म्हणाले, "मले एकच सांगाचं हाये. सात महिन्यात रफार ओळखणं सोपं नसते. टाळ्या वाजवा पाटलासाठी."

एवढंच. तक्रार तिथेच फाटली आणि ऑफिसला गेलेली प्रत सुधाकरनं स्वतः जाऊन मागे घेतली. तो पंधरा दिवस गुरुजींना चुकवत फिरत होता. एका सकाळी गुरुजींनी फाटकाशी त्याला अडवलं आणि विचारलं, "सुधाकरराव, पोराले पहिलीत कधी टाकता?" त्या विषयावर ते दोघं पुढे कधी बोलले नाहीत. पोरगा जूनमध्ये शाळेत आला. मी मात्र गुरुजींची माफी मागितली, दोन दिवस शंका घेतल्याबद्दल. ते म्हणाले, "दोनच दिवस? मले वाटलं आठवडा झाला."

दिवाळीनंतर एकदा पाटील स्वतः काठी टेकत शाळेच्या ओसरीत येऊन बसले. गुरुजी आणि मी चहा घेत होतो. त्यांनी वहीचं पहिलं पान पुरं केलं होतं. आम्ही काही विचारलं नाही. मला विचारायचं फार होतं, पण गुरुजींनी बशी पुढे केली, "घ्या पाटील." पाटलांनी दोन घोट घेतले आणि आपणहूनच बोलले, "मास्तर, पहिल्याच ओळीत लिहिलं हाये तिनं. 'यांना वाचता येत नाही ते एक बरं. इथं मी पोटभर बोलीन.'" आणि ते असे हसायला लागले की बशी ठेवून द्यावी लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "अजून चाळीस पानं हायेत. लय शिव्या खायाच्या हायेत मले."

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांची मिरवणूक काढायची ठरवली, ती त्यांनी होऊ दिली नाही. लिंबाला, घंटेला आणि कुत्र्याला रोजच्यासारखा नमस्कार केला आणि गेले. त्यानंतर वर्षाआड भेट व्हायची. शेवटच्या नाताळात मी बुलडाण्याला त्यांच्या घरी गेले तर अंगणात उन्हाला गुरुजींच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तसंच नाक, तसेच कान. गुरुजी म्हणाले, "हा माहा मोठा भाऊ, योहान." मी चकित झाले. इतक्या वर्षांत भावाचं नावही कधी ऐकलं नव्हतं.

स्वयंपाकघरात रूथबाईंनी हळू आवाजात सांगितलं. गुरुजी तरुणपणी भारी चेष्टेखोर होते. भावाचं लग्न ठरलं होतं. भाऊ मॅट्रिक नापास होता आणि मुलीकडच्यांना पास सांगितलं होतं. हे त्यानं फक्त धाकट्या भावाला विश्वासानं सांगितलेलं. गुरुजींनी साखरपुड्याच्या पंगतीत चार माणसं हसावीत म्हणून ते बोलून टाकलं. लग्न मोडलं. भाऊ घर सोडून मनमाडकडे गेला तो परत आला नाही, ना पत्र, ना निरोप; पत्ता तेवढा कुणाकडून तरी कळला होता.

"हे दर नाताळाले त्याहिले पत्र लिहीत. पस्तीस वर्षं," रूथबाई म्हणाल्या. "एकाचं उत्तर आलं नाही. मी म्हने, पत्ता तरी तोच असंन का? त हे म्हनत, माहं पत्र परत त आलं नाही ना."

"मग आता कसे आले?"

"कोणाले मालूम! परवा सकायी दार वाजलं. यांनी उघडलं, पाहिलं, अन् म्हनलं, 'ये दादा, पाणी तापलं हाये, आंघोळ करून घे.' काऊन आला, एवढे दिवस कुठी होता, काही इचारलं नाही. त्याहिनंही सांगितलं नाही."

मी अंगणात येऊन बसले. थोरले भाऊ बोलत होते. रेल्वेतली नोकरी, बायको, दोन मुली, मनमाडचं पाणी, जावयाची मोटारसायकल. एक संपलं की दुसरं. पस्तीस वर्षांचं सगळं त्यांना आजच सांगायचं होतं. तासाभरानं मी निघाले. गुरुजी फाटकापर्यंत पोचवायला आले. डोळे लाल, पण चेहरा पोरासारखा.

"लय बोलते हो हा," ते कुजबुजले. "तीन दिवस झाले, मले तोंड उघडू देत नाही."

त्यानंतर मार्चमध्ये ते गेले, झोपेतच. मी त्यांना पाहिलं ते त्या फाटकाशी शेवटचं. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात आतून हाक आली, "शमू! कुठी गेला बे? गोष्ट अर्धीच राह्यली!" आणि बासष्ट वर्षांचे साळवे गुरुजी, माझा निरोप अर्धवट टाकून, "आलो दादा, आलो!" करत अनवाणीच आत पळाले.